जहाजाविना निर्यात : सॉफ्टेक्स अर्जाचा पूर्वेतिहास

बंगळुरूच्या सर्जापूर रोडवर दोड्डकन्नेल्लीला विप्रोचे मुख्यालय आहे. ही कंपनी मूळची जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरची. १९४५ साली ती खाद्यतेल आणि वनस्पती तुपाच्या धंद्यासाठी सुरू झाली. तुपाचे डबे परदेशी पाठवायचे असते, तर कागदपत्रे कोणती, हे कोणत्याही क्लिअरिंग एजंटने सांगितले असते. पण आज या रस्त्यावरून परदेशी जाणारा माल डब्यात भरता येत नाही. मग तो गेला, हे सिद्ध कसे करायचे?

त्यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घ्या. निर्यातीच्या कागदांमागे दोन वेगळे प्रश्न असतात, आणि पाठ्यपुस्तके ते सर्रास एकत्र कालवतात. पहिला प्रश्न कस्टमचा : माल खरोखर देशाबाहेर गेला का? १८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्यापासून १९६२ च्या कायद्यापर्यंत हाच धागा आहे. निर्यातदार शिपिंग बिल भरतो, अधिकारी माल तपासून परवानगी देतो आणि माल जहाजावर चढल्यावर जहाज कंपनी बिल ऑफ लेडिंग देते. बंगळुरूला समुद्र नाही, म्हणून तिथला कंटेनर व्हाइटफील्डच्या डेपोतच तपासला जातो.

दुसरा प्रश्न रिझर्व्ह बँकेचा : मालाचे पैसे परत आले का? हा प्रश्न युद्धातून आला. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारने परकीय चलनावर नियंत्रण आणले. युद्ध संपले, नियंत्रण मात्र राहिले; १९४७ आणि १९७३ च्या कायद्यांनी ते पक्के केले. यातूनच जीआर अर्ज रूढ झाला. कस्टमने त्यावर मालाची नोंद करायची आणि बँकेने आलेले डॉलर त्याच्याशी ताडून पाहायचे.

मुंबईत १९७३ साली सीप्झ उभे राहिले. तेव्हाचे सॉफ्टवेअर चुंबकीय फितींवर जाई, त्यामुळे कस्टमच्या हाती निदान एक वस्तू तरी असे. पण फितीची किंमत किरकोळ आणि तिच्यावरच्या कामाची कितीतरी पट! हे मोल डोळ्यांनी कसे तपासणार? १९८५ साली टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स बंगळुरूत आली, पुढे उपग्रहाच्या दुव्यावरून काम थेट अमेरिकेला जाऊ लागले, आणि फीतही उरली नाही. शिपिंग बिल कशाचे भरायचे?

तोड निघाली ती सॉफ्टेक्स अर्जात. १९९१ साली स्थापन झालेल्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया या संस्थेचा अधिकारी करार आणि बीजक पाहून निर्यातीचे मूल्य प्रमाणित करू लागला. २०१५ च्या फेमा नियमावलीत हा अर्ज बीजकाच्या तारखेपासून ३० दिवसांत द्यायचा होता. म्हणजे इथे माल कोणीच पाहत नाही; एका कागदाची साक्ष दुसरा कागद देतो. पहिला प्रश्न जवळजवळ विरघळला आणि १९३९ चा दुसरा प्रश्न तेवढा टिकला, असे माझे मत आहे.

मोठ्या कंपनीत यासाठी स्वतंत्र विभाग असतो. चार माणसांच्या कंपनीत मात्र हा अर्ज राहून जाऊ शकतो. डॉलर खात्यात जमा होतात, पण बँकेकडे ते जुळवायला नोंद नसते. उलट, नोंद आहे आणि पैसे थकले, तर अडचण आणखी मोठी. काही वर्षे अशा निर्यातदाराचे नाव संगणक आपोआप सावधगिरीच्या यादीत टाकत असे आणि त्याचे पुढचे व्यवहार अडत. रिझर्व्ह बँकेने ही आपोआप होणारी नोंद २०२० मध्ये बंद केली.