सेमाडोहच्या वाटेवरचा राजवाडा

मुलांना विचारून पाहा, राजवाडा कुठे असतो? उत्तर ठरलेलं. म्हैसूरला, नाहीतर राजस्थानात. "आपल्या वऱ्हाडात कधी राजा होता का?" असं विचारलं की पोरं एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. खरं सांगायचं तर आपण मोठी माणसंही तेच करतो.

आपल्या सोसायटीतली बहुतेक कुटुंबं एकदा तरी सेमाडोहला जाऊन आली आहेत. परतवाड्याहून धारणीकडे जाणारा घाटरस्ता, सिपना नदी, सागाचं जंगल आणि वाघ दिसेल या आशेवर काढलेली पहाट. मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला १९७४ साली. पण त्याच्या कितीतरी आधी, याच डोंगररांगेच्या दक्षिण कडेवर, वऱ्हाडच्या स्वतंत्र राज्याचे दोन मोठे किल्ले उभे होते. चिखलदऱ्याजवळ गाविलगड आणि अकोटच्या वर नरनाळा. राजधानी होती परतवाड्याला लागूनच असलेलं अचलपूर, म्हणजे तेव्हाचं एलिचपूर. सेमाडोहची वाट जुन्या राजधानीच्या दारावरूनच जाते, आपली गाडी मात्र तिथे थांबत नाही.

हे राज्य म्हणजे इमादशाही. १४९० ते १५७४, चौऱ्याऐंशी वर्षं आणि चार राजे. मुलांना तारखा पाठ करायला सांगू नका, त्यांना दोन मुलांची गोष्ट सांगा. या घराण्याचा आरंभ एका मुलापासून झाला आणि शेवटही एका मुलापाशीच झाला.

पहिला मुलगा कानडी मुलखातला. इतिहासकार फरिश्ता लिहितो, की तो विजयनगरच्या राज्यातल्या हिंदू घरातला होता. बहमनी फौजेनं लढाईत त्याला पकडून वऱ्हाडात आणलं. आई-बाप, घर, भाषा सगळं मागे राहिलं. वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी तो वाढला, हुशारीनं वर चढला, पुढे स्वतःच वऱ्हाडचा सुभेदार झाला. हाच फतहुल्ला इमाद-उल-मुल्क. बहमनी सत्ता ढिली पडली तेव्हा त्यानं स्वतंत्र राज्य केलं. बहमनी सुलतान अहमदशहा वली यानं १४२५ च्या सुमारास बांधवलेला गाविलगड फतहुल्लानं दुरुस्त करून घेतला. तिथल्या दिल्ली दरवाज्यावर पंजात हत्ती धरलेला दोन तोंडांचा पक्षी कोरलेला आहे. हा गंडभेरुंड, दक्षिणेकडच्या राजांचं आवडतं चिन्ह. फतहुल्लाला आपला कानडी मुलूख आठवत असेल का? दगड सांगत नाही, पण तो पक्षी पाहिला की हा प्रश्न पडतोच.

दुसरा मुलगा बुऱ्हाण, या घराण्याचा चौथा आणि शेवटचा राजा. तो गादीवर आला तेव्हा लहान होता. कारभारी तुफालखानानं सत्ता स्वतःच्या हाती घेतली आणि या बाळराजाला नरनाळ्यावर कोंडून ठेवलं. १५७४ साली अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहानं नरनाळा आणि गाविलगड जिंकले. बुऱ्हाण, तुफालखान सगळे कैद झाले, आणि त्या कैदेतच संपले. वऱ्हाडचं राज्य अहमदनगरला जोडलं गेलं.

आता नरनाळ्यावर लेकरांना घेऊन चढा. अकोटहून पोपटखेडमार्गे शहानूर, तिथे वनखात्याची परवानगी घ्यायची, कारण किल्ला अभयारण्यात आहे. वाटेतला महाकाली दरवाजा १४८७ चा, फतहुल्लाच्याच काळातला. दगडात फुललेली कमळं आणि अरबी-फारसी अक्षरांच्या पट्ट्या एकाच कमानीभोवती दिसतात. वर राणी महाल आहे, तलाव आहेत, पाण्याचे दगडी पाट आहेत, तेला-तुपाचे हौद आहेत. सिंहासन नाही, झुंबरं नाहीत. "एवढाच का राजवाडा?" असं पोट्टे म्हणतीलच. म्हणू द्या. मग त्यांनाच विचारा, या उंच डोंगरावर एवढ्या लोकांना उन्हाळ्यात पाणी कुठून मिळत असेल? तलाव आणि पाट ते स्वतःच शोधून काढतात. आणि मग सांगा, की तुमच्याएवढा एक राजा याच गडावर होता, त्याच्याजवळ किल्ला होता, पण बाहेर खेळायला जायची मोकळीक नव्हती. पोरं गप्प होतात. म्हैसूरच्या झगमगाटात ती अशी गप्प होत नाहीत.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळायला हवी. जुन्या इमारतींच्या भिंतींवर कोळशानं नावं लिहिण्याची, दगडानं बदाम कोरण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. पाचशे वर्षं पावसानं जे पुसलं नाही, ते आपण एका सहलीत खराब करतो. सोसायटीच्या जिन्यात रेघोट्या ओढल्या तर आपण मुलांना रागावतो. नरनाळ्याची भिंतही आपल्याच जिन्याची समजा.

आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली. तेव्हा कडेवर बसून आलेली लेकरं आज स्वतःची लेकरं घेऊन दिवाळीला येतात. या रौप्यमहोत्सवी वर्षात सेमाडोहची सहल ठरली, तर एक दिवस जास्त ठेवावा. एक मुक्काम जंगलासाठी, एक दिवस किल्ल्यासाठी. दोन्ही किल्ले एका दिवसात होत नाहीत, घाई करू नये. वाघ दिसणं आपल्या हातात नाही. राजवाडा मात्र जागेवरच आहे.