धावत्या डब्यातला उजेड: नांदेड-लातूरच्या रेल्वेची बॅटरी कोण भरत असे?

१/ गाडी वेगात असली की डब्यातले दिवे टवटवीत असत आणि आडस्थानकावर ती फार वेळ थांबली की पिवळे, मलूल होत. मराठवाड्यात रात्रीच्या पॅसेंजरने प्रवास केलेल्या जुन्या पिढीला हे सांगावे लागत नाही. हा उजेड डब्याच्या पोटाखालच्या बॅटरीतून येत असे. आजचा धागा त्या बॅटरीचा आणि तिला भरणाऱ्या यंत्रांचा आहे.

२/ आधी रेल्वेची पार्श्वभूमी. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग १९००च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेड असा सिकंदराबादकडे गेला. लातूरला रेल्वे आली ती दुसऱ्या बाजूने. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि १९११ साली लातूरला पोहोचली. तिच्या रुळांतील अंतर अवघे अडीच फूट होते.

३/ म्हणजे दोन शेजारी शहरे आणि दोन वेगळ्या मापांचे रूळ. मुख्य ब्रॉडगेज जाळ्याशी या मापांचा मेळ नव्हता. त्यामुळे डबे, इंजिने आणि वेग यांत मराठवाडा दीर्घकाळ वेगळाच राहिला. ही गोष्ट लक्षात असू द्या. उजेडाचा प्रश्न पुढे इथेच येऊन मिळतो.

४/ आगगाडीच्या पहिल्या काळात डब्यांत तेलाचे दिवे असत. पुढे अनेक देशांत दाबाने भरलेला तेलवायू वापरात आला. दोहोंत आगीचे भय होते. अपघातात उलटलेला डबा दिव्यामुळेच पेट घेई. वीज हा सुरक्षित पर्याय होता. प्रश्न एवढाच की, धावत्या डब्यात वीज आणायची कोठून?

५/ उत्तराचा अर्धा भाग तयार होता. गास्तों प्लांते यांनी १८५९ साली पुन्हापुन्हा भरता येणारी शिसे-आम्ल बॅटरी सिद्ध केली. कामीय फॉर यांनी १८८१ साली शिशाच्या पट्ट्यांवर लेप देऊन तिची साठवणशक्ती वाढवली. आजही मोटारीत आणि घरच्या इन्व्हर्टरमागे बहुधा तिचीच वंशज बसलेली असते.

६/ उरलेला अर्धा भाग अवघड होता. चाकाच्या आसाला पट्टा लावून डायनॅमो फिरवता येतो. पण गाडीचा वेग सतत बदलतो. वेग वाढला की दाब, म्हणजे व्होल्ट, वाढतो आणि बॅटरी उकळू लागते. वेग उतरला की बॅटरीच उलट डायनॅमोला वीज पुरवू लागते. गाडी विरुद्ध दिशेने निघाली की धन आणि ऋण टोकांची अदलाबदल होते.

७/ १८९०च्या दशकात इंग्लंडमधील जे. स्टोन कंपनीने यावर साधा तोडगा काढला. डायनॅमो डब्याखाली तिरका लोंबता टांगायचा. भार ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तो आसाच्या दिशेने किंचित झुकतो, पट्टा सैल पडून घसरतो आणि डायनॅमोचा वेग आपोआप आवरला जातो. घसरणारा पट्टा हाच त्या काळचा नियामक!

८/ बाकीच्या दोन अडचणींनाही यांत्रिक उत्तरे होती. पुरेसा वेग आल्यावरच बॅटरीला जोडणारा केंद्रोत्सारी स्विच होता. दिशा बदलली की जोडण्या उलटवणारी कळ होती. स्टोनच्या मूळ रचनेत बॅटऱ्याही दोन असत: एक भरली जाई, तर दुसरी दिवे सांभाळी. ही यंत्रणा पुढे हिंदुस्थानातही रुजली आणि कंपनीची शाखा कलकत्त्यात उभी राहिली.

९/ आता मराठवाड्याकडे वळू. या साऱ्या रचनेत एक गृहीत दडलेले आहे: गाडी पुरेसा वेळ, पुरेशा वेगाने धावेल. ठरावीक वेगाखाली डायनॅमो काहीच देत नाही. सारा भार बॅटरीवर पडतो. मेल गाडीच्या बाबतीत हे गृहीत खरे ठरते. दर आठ-दहा किलोमीटरवर थांबणाऱ्या पॅसेंजरच्या बाबतीत ते लंगडे पडते.

१०/ त्यात मनमाड-नांदेड हा मार्ग दीर्घकाळ एकेरी. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी थांबावे लागते. आपल्याकडे त्याला ‘क्रॉसिंगला पडणे’ म्हणतात. आणि वाट कोणी द्यायची? अर्थातच पॅसेंजरने. म्हणजे जिची बॅटरी सर्वांत कमी भरलेली, तीच गाडी अंधारात सर्वांत जास्त वेळ उभी. उजेडाची ही उतरंड वेळापत्रकानेच ठरवली होती.

११/ थोडा हिशेब करू. अलीकडच्या साध्या डब्यात ४.५ किलोवॉटचा जनित्र-संच आणि ११० व्होल्टची १२० अँपिअर-तास बॅटरी असे. पूर्ण भाराला सुमारे ४१ अँपिअर लागतात. म्हणजे बॅटरी नवी आणि पूर्ण भरलेली असली, तरी कागदावर तीन तासही पुरत नाही. जुनी, अर्धवट भरलेली बॅटरी किती टिकेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

१२/ येथे एका लोकप्रिय समजाचा समाचार घेऊ. ‘पंखे चोरीला जाऊ नयेत म्हणून रेल्वेने ११० व्होल्ट ठेवले’, असे सर्रास सांगितले जाते. मुळात जुनी यंत्रणा २४ व्होल्टची होती. ४.५ किलोवॉटसाठी २४ व्होल्टवर १८७ अँपिअर वाहावे लागतात, ११० व्होल्टवर केवळ ४१. त्याच तारेतला अपव्यय सुमारे एकवीस पटींनी घटतो. चोराला पंख्याचा उपयोग नव्हता, हा वरचा लाभ.

१३/ खरी क्रांती सिलिकॉन डायोडने केली. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. तो प्रत्यावर्ती, म्हणजे एसी वीज निर्माण करतो. डायोडांचा संच तिचे दिष्ट, म्हणजे डीसी विजेत रूपांतर करतो. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो. त्यामुळे बॅटरीतून उलट प्रवाह नाही, दिशा बदलली तरी टोकांची अदलाबदल नाही आणि झिजणारे कार्बन ब्रशही नाहीत.

१४/ या पेटीला रेल्वेत ‘रेक्टिफायर-कम-रेग्युलेटर’ म्हणतात. तिचे काम रूपांतराइतकेच नियमनाचेही आहे. शिसे-आम्ल बॅटरीचा प्रत्येक कोश भरलेल्या अवस्थेत राखण्यासाठी साधारण २.२५ व्होल्ट लागतात. ५४ कोशांचे झाले १२१.५ व्होल्ट. रिकामी बॅटरी लवकर भरायची, तर दाब याहून थोडा चढा हवा. मात्र तो कायम चढा राहिला, तर पाणी उडून जाते.

१५/ म्हणूनच या पेटीची मांडणी गाडी पाहून ठरते. रखडत जाणाऱ्या पॅसेंजरसाठी दाब थोडा चढा, कारण भरायला वेळ अपुरा. लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीसाठी थोडा उतरता, कारण बॅटरी भरल्यावरही तासन् तास विद्युतप्रवाह चालूच राहतो. कोणत्या प्रदेशाच्या वाट्याला कोणती गाडी आली, हे जणू त्या पेटीतल्या एका स्क्रूवर नोंदलेले असे.

१६/ मराठवाड्याचा उन्हाळा हे आणखी एक प्रकरण. तापमान वाढले की बॅटरीला कमी दाब पुरतो: दर अंशाला प्रतिकोश साधारण ३ ते ४ मिलिव्होल्ट कमी. ही दुरुस्ती केली नाही, तर चाळिशीपार गेलेल्या उन्हात बॅटरी अतिभारित होते, हायड्रोजन वायू सोडते आणि कोरडी पडते. दर १० अंश वाढीला आयुष्य निम्मे, असा ढोबळ ठोकताळा आहे. डब्याखाली वाकून डिस्टिल्ड वॉटर घालणाऱ्या कामगारांचे नाव कोणत्याही इतिहासात नाही. उजेड मात्र त्यांच्याच हातून टिकला.

१७/ १९७४च्या मराठवाडा विकास आंदोलनात रेल्वेच्या रुंदीकरणाची मागणी होती. नांदेडचा मार्ग १९९०च्या दशकात ब्रॉडगेज झाला; लातूर-कुर्डुवाडीचा २००७-०८ मध्ये. रुंद रुळांबरोबर थेट लांब पल्ल्याच्या गाड्या आल्या. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस हे त्याचे ठळक उदाहरण. रुंदीकरणाची चर्चा बहुधा मालवाहतूक आणि उद्योग यांभोवती फिरते. डब्यातल्या उजेडाचा हिशेबही त्यात धरायला हवा.

१८/ आता वेग आणि उजेड यांचे नातेच तुटत आहे. नव्या पद्धतीत विद्युत इंजिन वरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेतून वीज घेते, इंजिनातला कन्व्हर्टर ती ७५० व्होल्टची करून साऱ्या गाडीला पुरवतो. गाडी उभी असो वा धावती, दिवा तसाच. बॅटरी आता आणीबाणीपुरती राखीव. जो न्याय वेळापत्रकाने दिला नाही, तो कन्व्हर्टरने दिला असे म्हणता येईल. अर्थात ज्या गाडीला असे डबे आणि असे इंजिन मिळेल, तिच्यापुरताच.

१९/ आणि लातूर? मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याचे भूमिपूजन ३१ मार्च २०१८ रोजी तेथे झाले. पहिल्या डब्याचा सांगाडा २५ डिसेंबर २०२० रोजी तयार झाला. वंदे भारत स्लीपर गाड्यांच्या बांधणीसाठीही लातूरची निवड झाली आहे. ज्या गावाला एकेकाळी अडीच फुटी रूळ पुरेसे मानले गेले, तेथे देशासाठी डबे घडावेत, ही नोंद घेण्याजोगी घटना आहे. त्यातले किती डबे आपल्या मार्गांवर धावतील, हा प्रश्न मात्र नागरिकांनी विचारत राहावा.

२०/ शेवटी वर्तमानाचा धागा. २०२१ साली राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. फिरते घर, फिरता दवाखाना वा फिरते ग्रंथालय उभारणाऱ्यांपुढे आज तोच जुना प्रश्न आहे. चार्जर घेताना रेल्वेचा अनुभव लक्षात ठेवावा. बॅटरीचा प्रकार कोणता, रोज भरायला वेळ किती मिळणार, भरल्यावर दाब आपोआप उतरतो का आणि उन्हानुसार तो बदलतो का, हे आधी पाहावे, किंमत त्यानंतर.

२१/ आपल्या घरात कोणी रेल्वेच्या ट्रेन-लाइटिंग विभागात काम केले असेल, किंवा मीटरगेज-नॅरोगेजच्या रात्रीच्या प्रवासाच्या आठवणी कोणी सांगत असेल, तर त्या जरूर लिहून ठेवा आणि येथेही कळवा. स्थानकांच्या इमारतींचा इतिहास लिहिला जातो. डब्याखालच्या माणसांचा लिहायचा राहिला आहे. धागा समाप्त.