शिकवणी गोंडीची

परकी भाषा शिकायची असेल, तर आज शहरात शिकवणी लावता येते. जपानी असो, जर्मन असो की थाई, तासाचे पैसे मोजले की शिक्षक मिळतो. आपल्या जुन्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीत, बाहेरून येणाऱ्या माणसाला खरी गरज पडत आली ती गोंडीची. पण गोंडीच्या शिकवणीची पाटी कुठल्या दारावर मला दिसली नाही. मग बाहेरचे जे थोडे लोक ही भाषा शिकले, ते कोणाकडून शिकले?

गोंडी ही मराठीची बोली नव्हे. ती तेलुगू-तमिळच्या द्राविडी कुळातली. तिच्यात पाण्याला 'येर' म्हणतात आणि ती बोलणारे स्वतःला 'कोयतूर' म्हणवतात. मराठीत लिंगे तीन. गोंडीत पुरुष एकीकडे आणि बाई, बैल, झाड, दगड सारे दुसरीकडे! असली भाषा नुसत्या पुस्तकावरून येत नाही. समोर बसून बोलणारा माणूस लागतो.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. त्यांनी लिंगोची गाथा परधानाच्या तोंडून ऐकून उतरवून घेतली. परधान म्हणजे गोंडांच्या कुळकथा गाणारे भाट. १८६३ साली हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडून गेले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले. हिस्लॉप यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात उभे आहे. गाथा सांगणाऱ्या त्या परधानाचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

राजुऱ्याच्या पलीकडे आदिलाबादचे जंगल लागते. एके काळी राजुराही निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यातच होता. तिथे १९४० साली जोडेघाटला कुमरम भीम पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. तक्रार जमिनीची आणि जंगलाची होती. पण साहेबाची भाषा एक, रयतेची दुसरी आणि मध्ये दुभाषी. दुभाष्याने जेवढे सांगितले, तेवढेच साहेबाच्या कानी जायचे. या बंडानंतर निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांची स्थिती पाहायला बोलावले. ते मारलवाई गावी राहिले आणि गोंडी शिकले. १९४३ साली तिथे गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र सुरू झाले. मुलांसाठी गोंडी वाचनपाठ छापले गेले, तेही देवनागरी लिपीत. काल ज्याला अडाणी म्हणत होते, तो आज मास्तर झाला!

याच आदिलाबादेत आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी अधिकारी म्हणून होते. उर्दू-फारसीचा हा जाणकार माणूस. गालिबच्या गझला मराठी वाचकांपर्यंत नेणारा. माझ्यासारख्या उर्दूच्या अंगणातून मराठी कवितेत आलेल्याला त्यांचे विशेष अप्रूप वाटते. उर्दूत उस्तादाचे नाव अदबीने घेण्याची रीत आहे. पगडींनी तीच अदब गोंडीलाही दाखवली. ते भाषा शिकले आणि तिचे व्याकरणही लिहिले. सरकारी अंमलदाराने रयतेसमोर विद्यार्थी होऊन बसणे ही साधी गोष्ट नव्हती.

मग हेमलकसा. १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी भामरागडच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले. माणसे माडिया बोलणारी. 'कुठे दुखते?' एवढे विचारायलाही त्यांची भाषा हवी. डॉक्टर ती शिकले, त्या माणसांतच राहून. दवाखान्यात रोगी हाच शिक्षक! १९७६ साली तिथे शाळा निघाली.

तरीही हिशेब पुरा झालेला नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक नोंदले गेले, पण घटनेच्या आठव्या अनुसूचीत गोंडी नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडीतून शिकवणारी स्वतःची शाळा काढली. पुढे तिच्यावर अनधिकृत असा शिक्का बसला आणि गावाला कोर्टाची पायरी चढावी लागली. दीडशे वर्षे ज्यांनी बाहेरच्यांना आपली भाषा फुकट शिकवली, त्यांच्याच नातवंडांना ती शाळेत शिकायची तर परवानगी हवी!

दरवर्षी कितीतरी तलाठी, वनरक्षक, शिक्षक, परिचारिका बदली होऊन या जंगलात जातात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. गेल्या गेल्या गावात एक शिक्षक शोधा. म्हातारी आजी असेल, गुराखी पोरगा असेल. रोज तासभर त्याच्यासमोर बसा, शिकवणीचे पैसे द्या आणि वहीच्या पहिल्या पानावर त्याचे नाव लिहा.