पाण्यावरची रेघ

आमच्या वाशिम जिल्ह्याला समुद्र नाही. मी तो पहिल्यांदा नीट पाहिला तो मालवणला, तेही नोकरी लागल्यावर, ऑफिसच्या ग्रुपसोबत. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करताना पाण्याखाली प्रवाळ दिसले, त्यांच्यात घुसणारे पट्टेरी मासे दिसले. वर आल्यावर सवयीने मोबाइलवर नकाशा उघडला. आम्ही सागरी अभयारण्यात होतो. आजूबाजूला किल्ल्याच्या फेरीबोटी, मच्छीमारांच्या होड्या, आमच्यासारख्या पर्यटकांची गर्दी.

"काका, अभयारण्याची हद्द नेमकी कुठे सुरू होते?" मी नाववाल्यांना विचारलं.

ते हसले. "पाण्यार रेघ खंय दिसता? आणि ती मारूच्या आधी आमका इचारूक कोण इलो?"

मला माझा मामा आठवला. त्याचं शेत कारंजा तालुक्यात. आमच्या जिल्ह्यातही अभयारण्य आहे, कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य, २००० साली जाहीर झालेलं, १८.३२ चौरस किलोमीटरचं. मामा तुरीच्या हंगामात रात्री जागलीला जातो आणि म्हणतो, "हरनाले सातबारा कुठं वाचता येते?" तो काळविटाला मारा म्हणत नाही. त्याला फक्त झोप हवी असते.

घरी आल्यावर मी मालवणच्या रेघेचा इतिहास शोधायला बसलो.

या पाण्याला माणसांची वर्दळ नवी नाही. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढली जाते. होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची आणि मिळालेल्या मासळीचे वाटे करायचे. शास्त्रज्ञ बरेच नंतर आले. १९८१ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या परुळेकरांनी मालवणच्या सागरी प्राण्यांवर लेख प्रसिद्ध केला. १९८२ साली कच्छच्या आखातात देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. आणि १३ एप्रिल १९८७ रोजी मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं.

क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, म्हणजे मामाच्या भाषेत सुमारे ७,२०० एकर. त्यातला ३.१८२ चौरस किलोमीटरचा भाग गाभा. त्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड बेट येतं, आणि त्याची एक हद्द मालवण बंदरापासून अवघ्या ५० मीटरवर. होडी बंदरातून सुटली की लगेच अभयारण्यात!

आता कायदा बघा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तेव्हा क्रम असा होता: सरकारने आधी अभयारण्य जाहीर करायचं, मग जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांच्या हक्कांची चौकशी करायची. १९९१ साली दुरुस्ती झाली. आधी फक्त इरादा जाहीर करायचा, मग हक्क तपासायचे, अंतिम घोषणा त्यानंतर. समुद्रासाठी तर वेगळी अट आली: हद्द ठरवताना नौदलाच्या मुख्य जलालेखकांचा सल्ला घ्यायचा आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्यासाठी पुरेशी पावलं आधी उचलायची.

कायद्याला हे शहाणपण सुचलं तेव्हा मालवणची रेघ मारून चार वर्षं झाली होती. आमच्या धंद्यात याला 'युजरला न विचारता रिलीज' म्हणतात. मग युजर त्यातून आपापल्या पळवाटा काढतो आणि आपण म्हणतो, लोकांना शिस्त नाही.

पण मालवणच्या लोकांना रेघच नको होती, असं म्हणावं तर पुढचा इतिहास आडवा येतो. पर्ससीन जाळी आली. यांत्रिक नौकेवरून माशांच्या थव्याला गोल वेढा घालायचा, जाळ्याचा तळ पिशवीच्या तोंडासारखा आवळायचा आणि अख्खा थवा उचलायचा. रापणीच्या वाट्याला मग काय उरणार? याविरुद्ध सिंधुदुर्गातले पारंपरिक मच्छीमार रस्त्यावर उतरले. सोमवंशी समितीचा अहवाल आला आणि ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले. म्हणजे अभयारण्याला विरोध करणाऱ्या किनाऱ्यानेच समुद्रात दुसरी एक रेघ मागून घेतली. ती त्यांच्या अनुभवातून आली होती, म्हणून ती मोडली की तक्रार करायलाही तेच पुढे येतात.

प्रवाळ जगले पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या खडकांच्या आडोशाला मासळीची पिल्लं वाढतात. खडक मेले तर माझी एक सहल बुडेल, रापणकारांची चूल विझेल. म्हणून हद्द ठरवताना पहिली खुर्ची त्यांची हवी होती.

त्या दिवशीची एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. नांगर टाकण्याआधी काकांनी वाकून पाण्यात पाहिलं, होडी थोडी पुढे नेली आणि वाळू लागल्यावरच नांगर सोडला. नकाशा माझ्या हातात होता. खडक कुठे आहे, हे त्यांना माहीत होतं.