मासा किती दिवस वाढवायचा? एका सूत्राचा इतिहास

शेततळ्यात मासे सोडलेत त्यांचा नेहमीचा प्रश्न, अजून किती दिवस ठेवायचे? हाच प्रश्न युरोपातल्या समुद्रावर फार आधी पडला होता.

पहिली अडचण माशाच्या वयाची. स्वीडनमधले धर्मगुरू हान्स हेडरस्ट्रोम यांनी १७५९ साली पाइक माशाच्या मणक्यावरची वलयं मोजून वय सांगितलं. पुढे १८९९ मध्ये जर्मनीत रायबिश यांनी प्लेस नावाच्या चपट्या माशाच्या कानातल्या खड्यावरून वय काढलं. तिकडे हिवाळ्यात वाढ मंदावते, म्हणून खोडासारखं वर्षाला एक वलय. आपल्या उष्ण पाण्यात ती तेवढी स्पष्ट पडत नाहीत.

वय आणि लांबी शेजारी मांडली की दिसतं, आधी वाढ भराभर, मग हळूहळू कमी. का? याचं उत्तर व्हिएन्नाचे लुडविग फॉन बर्टालान्फी यांनी १९३० च्या दशकात मांडलं. लांबी दुप्पट झाली की अन्न-हवा शोषणारा पृष्ठभाग चौपट होतो, पण वजन आठपट. म्हणजे आवक चौपट आणि घरखर्च आठपट! कधीतरी दोन्ही बरोबरीला येणारच, आणि वाढ थांबणार.

त्यांचं सूत्र घातांकी आहे, पण चक्रवाढ व्याजाच्या उलटं. व्याजात रक्कम फुगत जाते, इथे उरलेलं अंतर आटत जातं. उत्तर समुद्रातल्या प्लेसची शेवटची लांबी ६८.५ सेंटिमीटर आणि वाढीचा गुणांक ०.०९५ धरला होता. म्हणजे मासा दरवर्षी उरलेल्या अंतराचे शंभरातले साधारण नऊ हिस्से कापतो. अंतर निम्मं व्हायला सव्वासात वर्षं लागतात.

हे आकडे बेव्हर्टन आणि होल्ट या दोन इंग्रजांचे, १९५७ च्या ग्रंथातले. महायुद्धात तिथली मासेमारी जवळपास बंद होती, तेव्हा मासे वाढले आणि मोठेही झाले, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. या दोघांनी त्याचा हिशोब घातला. फार लहान मासा पकडला तर पुढची वाढ बुडते, फार थांबलं तर मासे आपोआप मरतात. जाळ्याची आस किती मोठी ठेवायची, ते यावरून ठरवता येऊ लागलं.

मला यातली वजनाची गोष्ट सगळ्यात कामाची वाटते. या सूत्राप्रमाणे वजन सगळ्यात जोरात वाढतं ते मासा शेवटच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांवर असताना. आपण रोहू, कटला किलोभराचा झाला की विकतो, म्हणजे पुष्कळदा जोराची वाढ पुढेच राहते. पण एप्रिलात तळं आटायला लागतं, खाद्याचं बिल वाढतं, दाटी झाली की गुणांकही बदलतो. समुद्रातला आकडा तळ्याला लावू नका. महिन्याला पंधरा-वीस मासे मोजा, वजन वहीत लिहा. दोन महिन्यांची वाढ शेजारी ठेवली की आपल्या तळ्याचा वेग कळतो.