कंकालेश्वराची भिंत आणि ‘फॉलो मी’

पालीहून महामार्गाने बीडला आलात की कंकालेश्वर गाठा. पाण्यात उभं असलेलं जुनं दगडी मंदिर. मूर्ती नंतर बघा, आधी भिंतीचा तळ बघा.

आपण सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतो. हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. या धाटणीची कितीतरी मंदिरं त्याच्या आधीची आहेत. असो.

अशा मंदिरांच्या भिंतीत एकावर एक थर असतात. शिल्पशास्त्रात त्यांना नावं आहेत: खुर, कुंभ, कलश, कपोत. आता लॅपटॉप उघडा. स्केचअप २००० साली आलं. त्यात थराचा उभा छेद काढायचा, भिंतीची कडा निवडायची, ‘फॉलो मी’ दाबायचं. छेद कडेवरून फिरतो, थर तयार! रेव्हिटमध्ये यालाच ‘वॉल स्वीप’ म्हणतात.

घोळ होतो कोपऱ्यांवर. भिंत कोनाकोनांनी आत-बाहेर जाते ना! खाच अरुंद आणि थर जास्त पुढे आलेला असला, की दोन्ही बाजू एकमेकींत घुसतात. आपल्याकडे ‘अनडू’ आहे. छिन्नीवाल्याकडे कुठला? बोटभर जास्त खोदलं की दगड बाद.

आणि हा नुसता खेळ नाही हं. निखळलेला दगड कुठल्या थराचा, हे त्याच्या छेदावरूनच ओळखता येतं. तुम्ही लायब्ररीतलं तयार रोमन प्रोफाइल ओढून टाकलंत, तर त्या ड्रॉइंगवरून घडवलेला नवा दगड शेजारच्याशी जुळणारच नाही. मग फटीत सिमेंट. म्हणून समोरून काढलेल्या फोटोवर भागवू नका. ओळंबा सोडा आणि प्रत्येक थर किती पुढे आलाय ते मोजा.