भुंगा कीं बंबलबी?

ठाणें-कल्याणच्या परसांत शेवग्याच्या फुलांवर गुणगुणणारा काळा भुंगा दिसला कीं इंग्रजी पुस्तकें वाचलेला गृहस्थ त्यास ‘बंबलबी’ म्हणून मोकळा होतो! श्रोतेहो, बंबलबी राहते हिमालयाच्या थंडींत. कोंकणांत ती नाहीं. ब्रह्मदेशांत वनाधिकारी असलेल्या कर्नल बिंगहॅम यांनीं १८९७ सालीं हिंदुस्थानांतील मधमाश्या व गांधिलमाश्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत हे दोन गण निरनिराळे दिले आहेत. ग्रंथ हातीं नसल्यास पोट पाहावें: बंबलबीचें केसाळ, भुंग्याचें वरून तुळतुळीत.

फसगत नरमादींतही होते. भुंग्यांच्या एका जातींत मादी काळी, छाती तेवढी पिवळी. नर मात्र सर्वांगीं पिवळा. ही मादी वाळकें लांकूड पोखरून आंत अंडीं घालते. परसांतला जुना ओंडका सर्पणांत गेला, कीं तिचें बिऱ्हाडही त्याबरोबर जळतें.